‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हे चौकशीचं उत्तर नव्हे

महोदय,

कालच्या अंकात आतल्या पानावर ‘प्रेसमध्ये हात सापडून कामगार जखमी’ ही बातमी वाचली. शेवटच्या ओळीत ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात घडल्याचे प्राथमिक चौकशीत समोर आले’ असं छापलंय. ही चौकशी केली कोणी? अपघात संध्याकाळी झाला आणि बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात. तेवढ्या वेळात कोणी त्या प्रेसचा, म्हणजे पत्रा दाबून त्याचे भाग काढणाऱ्या यंत्राचा, क्लच उघडून पाहिला असेल यावर माझा विश्वास नाही. मॅनेजरनं सांगितलं आणि तुमच्या वार्ताहरानं उतरवून घेतलं, एवढंच झालेलं दिसतंय.

मी भोसरीत प्रेस शॉपमध्ये डाय-सेटर होतो, म्हणजे प्रेसमध्ये डाय (साचे) बसवणारा, त्यातच निवृत्त झालो. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचत नाही, म्हणूनच लिहायला बसलो.

आमच्याकडे पिन-क्लचचा एक जुना प्रेस होता. अशा प्रेसचं पायडल दाबलं की पिन फिरत्या फ्लायव्हीलमध्ये (जड चाकात) अडकते आणि रॅम, म्हणजे वर-खाली होणारा दाबणारा भाग, एक फेरी पुरी केल्याशिवाय थांबत नाही. मध्येच थांबवायची सोयच नसते. पिन झिजली किंवा तिची स्प्रिंग गेली, तर पायडल सोडल्यावरही रॅम पुन्हा खाली येतो. याला आम्ही ‘डबल मारणं’ म्हणतो. ऑपरेटरचा हात तेव्हा तुकडा काढायला डायमध्ये गेलेला असतो. रॅम वर गेला की हात घालायचा, हेच त्याला शिकवलेलं असतं.

तो प्रेस डबल मारतोय हे शिफ्टच्या वहीत लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात. खाली फिटरचा शेरा होता, ‘पिन स्टोअरमध्ये नाही’, आणि सही. महिनाअखेर होती, माल पाठवायचा होता, प्रेस चालूच ठेवला. दुसऱ्या पाळीत बीडकडच्या एका पोराची उजव्या हाताची तीन बोटं गेली. ठेकेदारामार्फत कामावर आलेला मुलगा होता, मिसरूडही धड फुटलं नव्हतं. कंपनीची गाडी साहेबांना घरी सोडायला गेलेली, त्यामुळे त्याला रिक्षात घालून न्यावं लागलं.

अपघाताच्या फॉर्मवर कारण लिहिलं गेलं, ‘कामगाराने अनवधानाने पायडलवर पाय ठेवला’. ती वही फोरमनच्या टेबलावरच पडलेली होती. कोणी ती लपवली नाही, पान फाडलं नाही. कोणी ती मागितलीच नाही. मी ती घेऊन ऑफिसात गेलो तर ‘तुम्ही तुमचं डाय बघा’ असं सांगून मला परत पाठवलं. पिन दोन दिवसांत आली, हेही सांगून ठेवतो.

नुकसानभरपाईच्या कायद्याची एक अनुसूची आहे. तीत प्रत्येक बोटाची टक्केवारी दिलेली असते. एका हाताची तीन बोटं गेली तर कमाईची क्षमता ३० टक्क्यांनी घटली असं धरतात. तो पोरगा पुन्हा प्रेसवर उभा राहिला नाही. गावाकडे उजव्या हातानं कोयता धरता येत नसेल तर उरलेल्या ७० टक्क्यांचं त्यानं काय करायचं, हे त्या अनुसूचीत लिहिलेलं नाही.

आता याच कारखान्यातली दुसरी गोष्ट. साधारण त्याच सुमारास आमचा एक ब्रॅकेट भोक न पाडताच ग्राहक कंपनीकडे गेला. एक ब्रॅकेट. आमच्या लोकांनी उत्तरात लिहिलं, ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष’. ग्राहकाच्या क्वालिटीच्या माणसानं तो कागद परत केला. हे कारण आम्ही घेत नाही, म्हणाला. ऑपरेटरनं दुर्लक्ष केलं तर तुकडा पुढे कसा गेला? पुढच्या डायवर तो बसला कसा? तिथे अडला का नाही? ‘का’ विचारत विचारत त्यानं आम्हाला मुळापर्यंत नेलं. मग मीच पुढच्या डायमध्ये एक लोकेटिंग पिन बसवली. भोक नसेल तर तुकडा त्या पिनवर बसतच नाही, कितीही घाई करा, कितीही झोप येऊ द्या. याला पोका-योके म्हणतात, जपानी पद्धत आहे, चाकण-भोसरीतल्या प्रत्येक कारखान्याच्या भिंतीवर त्याचा तक्ता लावलेला असतो.

म्हणजे माणूस चुकणारच, आणि चुकला तरी तुकडा खराब जाऊ नये अशी मशीन करायची, हे आमच्या साहेबांना पक्कं माहीत होतं. ब्रॅकेटसाठी माहीत होतं. हातासाठी नव्हतं. डायच्या पुढे जाळी लावून पत्रा जाईल एवढीच फट ठेवली तर बोट आत शिरतच नाही. क्लचची पिन कितीही झिजलेली असो, रॅम कितीही वेळा खाली येवो. ती जाळी आमच्याच वेल्डिंगच्या टेबलावर झाली असती. त्याऐवजी काय झालं, तर सगळ्यांना उभं करून सुरक्षिततेची शपथ दिली आणि ‘प्रशिक्षण मिळाले’ या कागदावर सह्या घेतल्या.

यावर उत्तर ठरलेलं असतं, की कामगारच जाळी काढून ठेवतात. काढतात, हे खरं आहे. जाळी लावून पाळीचा आकडा पुरा होत नाही आणि आकडा कमी पडला की ठेकेदार दुसऱ्या दिवशी घेत नाही. तो आकडा कोणी ठरवला हे चौकशीत कधी विचारलं जातं का? कारखाने कायद्याचं कलम १११ आम्हाला तोंडपाठ करवलं होतं, कामगारानं सुरक्षेच्या साधनांशी छेडछाड करू नये म्हणून. धोक्याच्या भागाला पक्कं कुंपण घालायला सांगणारं कलम २१ मला माझं मीच शोधून वाचावं लागलं.

भोपाळलाही हेच झालं. कोणा नाराज कामगारानं मुद्दाम विषारी रसायनाच्या टाकीत पाणी सोडलं, असं युनियन कार्बाइड वर्षानुवर्षं सांगत राहिली. पाणी कसंही गेलेलं असो, २ डिसेंबर १९८४ च्या रात्रीपूर्वीच त्या टाकीचं शीतकरण बंद केलेलं होतं आणि वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर पाइपच्या कामासाठी जोडणीतून काढलेला होता. ते काही त्या रात्री पाळीवर आलेल्या कामगारानं ठरवलं नव्हतं.

डोंबिवलीत २०१६ च्या मे महिन्यात आणि पुन्हा २०२४ च्या मे महिन्यात स्फोट झाले तेव्हा तुम्ही पानं भरून छापलंत, प्रश्न विचारलेत. त्याबद्दल तुमच्याविषयी आदर आहे. पण प्रेसवर हात जातो तो एकेकाचा, त्याचा आवाज शेडबाहेर येत नाही, म्हणून त्याला चार ओळी आणि त्यातली एक मालकाची, हे मला मान्य नाही. आणि आता २०२० च्या नव्या कामगार-सुरक्षा संहितेत विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्याच १० वरून २० कामगारांवर नेली आहे. पंधरा माणसांच्या ज्या शेडमध्ये सगळ्यात जुने प्रेस चालतात, ते त्या व्याख्येबाहेर गेले. यावर तुमच्याकडे एक अग्रलेख आल्याचं मला आठवत नाही.

आणखी एक. बातमीत जखमी मुलगा ‘परप्रांतीय’ असल्याचं आवर्जून लिहिलंय. ठेकेदाराचं नाव नाही, कारखान्याचं नाव नाही, आणि त्याचा प्रांत तेवढा आहे. वाचणाऱ्यानं यातून काय समजायचं? आमचा बीडचा पोरगा मराठीच होता.

तुमच्या वार्ताहराला कृपया त्या कारखान्यात पुन्हा पाठवा. डायच्या पुढे जाळी होती का, क्लचची पिन शेवटची कधी बदलली आणि शिफ्टच्या वहीत आधीच्या आठवड्यात काय लिहिलंय, एवढं विचारू द्या. उत्तर मिळालं तर तेही छापा, आणि नाही मिळालं तर दिलं नाही असं छापा.

आपला,
एक निवृत्त डाय-सेटर, भोसरी