खोदाईआधी पैशाची तारीख ठरवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिक-त्र्यंबकेश्वर परिसरात रस्ते, पूल आणि घाटांची कामे निघाली आहेत. गंगापूर रोड आणि पाथर्डी फाट्याकडे खासगी इमारतीही उभ्या राहत आहेत. निविदा एकाच्या नावावर असते. खोदाई, सेंट्रिंग (काँक्रीटसाठी फळ्या-टेकूंचा साचा), स्टील बांधणी मात्र छोटे पोटठेकेदार करतात, आणि त्यांतले कितीतरी जण व्हॉट्सॲपवरच्या 'ओके'वर माणसे कामाला लावतात. दरावर दोन-दोन तास घासाघीस होते, पैसे कोणत्या दिवशी मिळणार हे कोणी विचारत नाही. छोटा ठेकेदार बुडतो तो बहुधा या तारखेपायी.

सर्वांत घातक अट म्हणजे 'वरून पैसे आले की देऊ'. ही मान्य केली की मालक आणि मुख्य ठेकेदार यांच्या भांडणाची किंमत पोटठेकेदार भरतो. ती पूर्ण काढता येत नसेल तर तिला मुदत घाला: बिल दिल्यापासून सात दिवसांत तपासणी, हरकत असल्यास लेखी, वादातली बाब बाजूला ठेवून उरलेली रक्कम ३० दिवसांत, आणि वरून पैसे येवोत न येवोत, ४५ व्या दिवशी देय.

दहा लाखांच्या रनिंग बिलातून (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने दिले जाणारे बिल) हातात किती येते, याचा हिशेब सही करण्याआधी कागदावर मांडावा. रिटेन्शन, म्हणजे कामाच्या हमीसाठी रोखून ठेवलेली रक्कम, ५ टक्के म्हणजे ५० हजार, आधी घेतलेल्या ॲडव्हान्सची वसुली १० टक्के म्हणजे १ लाख, वैयक्तिक मालकी असेल तर टीडीएस १ टक्का म्हणजे १० हजार. उरले ८ लाख ४० हजार. जीएसटीचे १८ टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार, वेगळे. मासिक विवरणपत्र भरणाऱ्याला हा कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावा लागतो, बिलाचे पैसे आलेले असोत वा नसोत. मजुरीप्रधान कामात इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) फारसे नसते, त्यामुळे तो खिशातूनच जातो. म्हणून बिल मंजूर झाल्यावरच टॅक्स इन्व्हॉइस (जीएसटी लावलेले बिल) द्यायचे, हे कर सल्लागाराला विचारून करारातच लिहून घ्यावे.

आपल्याकडची जमीन बऱ्याच ठिकाणी वर मुरूम आणि खाली काळा पाषाण अशी आहे. 'सर्व प्रकारच्या जमिनीत खोदाई' असा एकच दर दिला की खडक फोडणाऱ्या ब्रेकरचे भाडे अंगावर येते. साठ फुटिंग (खांबांखालचे पाये), प्रत्येक दोन बाय दोन मीटर, त्यात अर्धा मीटर कठीण खडक लागला तर १२० घनमीटर होतात. मुरूम, मऊ खडक, कठीण खडक यांचे दर वेगळे घ्या. थर बदलला की लगेच लेव्हल (खोलीचे माप) घेऊन साइट इंजिनिअरची सही आणि तारखेसह फोटो ठेवा. पीसीसी (पायाखालचा साध्या काँक्रीटचा थर) पडल्यावर खाली काय होते हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. स्लॅबखालच्या सळयांचेही तसेच, मोजमाप काँक्रीटच्या आदल्या दिवशीच व्हायला हवे.

साहित्यासह काम असेल तर स्टील आणि सिमेंटचा मूळ भाव करारात लिहा. ४० टन स्टील लागणार असेल आणि किलोमागे पाच रुपये वाढले, तर दोन लाख गेले.

सूक्ष्म व लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात ४५ दिवसांची कमाल मुदत आणि बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. काम घेण्याआधीच उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवावी. मात्र मजुरी आणि साहित्य एकत्र असलेल्या वर्क्स काँट्रॅक्टला हा कायदा लागू होत नाही, असे निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिले आहेत. त्यामुळे उशिराच्या व्याजाचा दर आणि काम थांबवण्याचा हक्क करारातच हवा. बिल १५ दिवस थकले तर लेखी नोटीस, आणखी सात दिवसांनी काम बंद, आणि तेवढी मुदतवाढ दंडाविना. ही अट नसताना रागाच्या भरात साइट सोडली तर उलट आपल्यावरच करारभंग लागतो. मोठ्या ठेकेदारांनीही ही अट द्यावी. मजूर एकदा निघून गेले की पावसाआधी परत जमत नाहीत, यात त्यांचेही नुकसान आहे.

रिटेन्शनपैकी निम्मी रक्कम काम पूर्ण झाल्यावर आणि उरलेली दोषदायित्व (कामातले दोष दुरुस्त करून देण्याची मुदत) संपल्यावर मिळेल, हे तारखेसह लिहून घ्यावे. फायनल बिलाच्या वेळी 'आता काही येणे नाही' असे छापील पत्र पुढे केले जाते. बाकी असेल तर त्यावर 'हक्क राखून' लिहूनच सही करावी. चेक परत आला तर बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे. आणि दर मार्चअखेर समोरच्याकडून सहीनिशी बाकी कबूल करून घ्यावी. वसुलीच्या दाव्याची मुदत तीन वर्षे असते, आणि ती संपण्याआधी अशी लेखी कबुली मिळाली तर त्या तारखेपासून पुन्हा तीन वर्षे मिळतात.

आपला,
एक वाचक, नाशिक