जुन्या मोटारसायकलीची दुरुस्ती फेरफारात मोजू नका

माननीय परिवहनमंत्री यांस,

सविनय नमस्कार.

जुन्या वाहनांना मान्यता देताना वाहन मूळ स्वरूपात हवे, इंजिनात किंवा चासीत बदल केलेला नको, अशी अट घातली जाते. हेतू चांगला आहे. जुनी फ्रेम कापून, भलतेच इंजिन बसवून, वर 'व्हिंटेज' म्हणून मिरवणारे आमच्यातही आहेत आणि त्यांना सवलत मिळता कामा नये, असेच माझे मत आहे. पण ही अट अक्षरशः लावली, तर वर्षानुवर्षे उघडून, झिजलेले बदलून चालती ठेवलेली गाडी आधी बाद होते आणि कोपऱ्यात गंजत पडलेली गाडी पास होते.

एक हिशेब पाहा. रॉयल एनफिल्डच्या जुन्या ३५० बुलेटचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९० मिलिमीटर, म्हणजे इंजिन ३४६ सीसीचे. सिलिंडर झिजून गाडी निळा धूर टाकू लागली की बोअरिंग करून 'वीसचा' पिस्टन बसवतात, म्हणजे व्यासाने इंचाचे वीस हजारांश, साधारण अर्धा मिलिमीटर, मोठा. इंजिन झाले ३५१ सीसीचे. कागदावर मात्र ३४६! काटेकोर तपासनीसाने हा इंजिनातला बदल ठरवला, तर त्याला चूक तरी कसे म्हणावे? पण सिलिंडर झिजणार हे कंपन्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, म्हणून तर त्या स्वतःच ओव्हरसाइज पिस्टन विकत होत्या.

दुसरी गोष्ट इंधनाची, आणि इथे माझी थोडी तक्रार आहे. ही इंजिने ज्या पेट्रोलसाठी बनली ते आता कुठेच मिळत नाही. पूर्वी पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड घालत. त्यातले शिसे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह मिटताना टेकतो त्या कडेवर, पातळ थर धरायचे आणि सीट झिजू द्यायचे नाही. जुलै २०२१मध्ये अल्जीरियात विक्री थांबली आणि असे पेट्रोल जगातल्या पंपांवरून संपले. फार बरे झाले. शिशाच्या धुरात मुले वाढावीत असे कुठलाही गाडीवेडा म्हणणार नाही. पण बिडाच्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणात, थेट कोरलेली मऊ सीट आता उघडी पडली आहे. निवांत चालवणाऱ्याला ते लवकर कळत नाही. लांब पल्ल्यावर गाडी ताणली, की व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत जातो, टॅपेटची फट (व्हॉल्व्ह पूर्ण मिटावा म्हणून ठेवलेली मोकळी जागा) पुन्हा पुन्हा कमी होते, शेवटी व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कडेने जळतो आणि किक मारताना कॉम्प्रेशनच लागत नाही. उपाय एकच: हेड मशिनवर घेऊन कडक पोलादी सीट बसवणे. हेड उतरवल्याशिवाय ती दिसतही नाही.

त्यानंतर पेट्रोलमध्ये मिसळून आले इथेनॉल, म्हणजे अल्कोहोल. ते हवेतला ओलावा ओढून घेते. महिना-दोन महिने उभ्या गाडीच्या टाकीतले पेट्रोल काचेच्या बरणीत काढून ठेवा. पाणी पुरेसे शिरले असेल तर तळाशी वेगळा थर बसलेला दिसतो. टाकीतही हा थर तळाशीच असतो, म्हणजे नेमका कॉकच्या तोंडाशी. पत्रा आतून गंजतो, गंजाचे कण कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात, अडकतात. बुचाचे (कॉर्कचे) सुटे भाग पेट्रोलला टिकावेत म्हणून पूर्वी त्यांना लाखेचा लेप देत, आणि लाख तर अल्कोहोलमध्येच विरघळते. शिवाय शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला हवेचे साधारण १४.७ भाग लागतात, इथेनॉलला ९. त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, आणि इंजिन तापते. मग जेट एक नंबर मोठा घालायचा, कार्ब्युरेटरमधल्या फ्लोटची सुई वायटॉनच्या (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या) टोकाची घ्यायची, नळी बदलायची. इंधनाचे धोरण सरकारने ठरवले, ते आम्ही मान्य केले. पण त्या धोरणामुळे बदललेल्या भागांचा ठपका गाडीवर येऊ नये.

ब्रेकच्या लायनरबद्दल तर वादच नको. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचे, त्याची धूळ कॅन्सर करते. मूळ लायनर जपून ठेवा म्हणणारा नियम मेकॅनिकच्या फुप्फुसावर उठेल.

हे सगळे नवे आहे असेही नाही. जुन्या वाहनांची जागतिक संघटना फिवा १९६६पासून काम करते. तिच्या ट्युरिन सनदेत वाहन जपण्याबरोबर ते वापरात ठेवण्यालाही महत्त्व आहे, आणि केलेल्या कामाची व्यवस्थित नोंद ठेवायला सांगितले आहे. मला हाच मार्ग व्यवहार्य वाटतो. बोअरिंग, व्हॉल्व्ह सीट, जेट, सील, लायनर, वायरिंग, मॅग्नेटोतला कंडेन्सर ही कामे देखभाल म्हणून नियमातच लिहून टाका. मालकाने प्रत्येक कामाची तारीख, मापे आणि फोटो यांची वही ठेवावी आणि ती तपासणीत पुरावा म्हणून चालावी. फ्रेम, इंजिनाची घडण आणि बाह्यरूप यांवर मात्र हवे तेवढे कडक राहा. आणि पंपावर इथेनॉलचे प्रमाण ठळक लिहिलेले असावे. कमी इथेनॉलचे इंधन थोडे महाग पडले तरी आम्ही घेऊ, वर्षाला आम्हाला लागते तरी किती!

एका प्रश्नाचे उत्तर मात्र आपल्याच खात्याला द्यावे लागेल. चेन तुटून क्रँककेस (इंजिनाची खालची पेटी) फुटली, तर इंजिन नंबर ज्या भागावर कोरलेला असतो तोच भाग निकामी होतो. वेल्डिंगने भागले तर ठीक. नाहीतर दुसरी केस मिळते ती कोऱ्या जागेची किंवा दुसऱ्याच गाडीच्या नंबरची. आज अशा वेळी मालक गप्प बसतो, नाहीतर गुपचूप नंबर ठोकून घेतो, आणि त्यातून चोरीच्या गाड्यांनाही वाट मिळते. फुटलेली केस जमा करून घेऊन, अधिकाऱ्यासमोर नवा नंबर कोरून, जुना नोंदीत कायम ठेवण्याची पद्धत आखावी, ही विनंती.

आपला,
जुन्या मोटारसायकली दुरुस्त करणारा एक नागरिक