आयडल चढलं की आधी काय बघायचं, हे दाखवणाऱ्या अण्णांस

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

गरम इंजिनाचं आयडल, म्हणजे पाय पेडलवर नसतानाचा वेग, १७०० आरपीएमवरून ८५० वर आणून दिलंत, आणि तेही एकही नवा सेन्सर न घालता. त्याबद्दल मनापासून आभार. पण त्याहून मोलाचा होता तुमचा शोध घेण्याचा क्रम. तो इतर गॅरेजवाल्यांना आणि गाडीमालकांनाही कळावा, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर ठेवतो आहोत.

गाडी जुनी, एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेली) पेट्रोल. थ्रॉटलला, म्हणजे आत जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेला, केबल आणि हवेचं मोजमाप मॅप सेन्सरवर, म्हणजे मॅनिफोल्डमधल्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधल्या) दाबावरून. अशा गाडीची रेस चढली की पहिला संशय आयएसी व्हॉल्व्हवर, म्हणजे आयडलपुरती हवा सोडणाऱ्या झडपेवर, जातो. तो बदलतात, फरक पडला नाही की ईसीएमचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, नाव निघतं आणि बिल वाढत जातं. तुम्ही पान्याला हात लावायच्या आधी केबलला थोडी ढील आहे ना, थ्रॉटलचा लिव्हर स्टॉपला टेकतोय ना, एवढं पाहिलंत. मग स्कॅनर जोडून विचारलंत, ही जादा हवा ईसीएम मागतोय, की त्याला न विचारता आत येतेय?

सगळं निदान या प्रश्नावर दोन वाटांना फुटतं. आयएसीच्या स्टेप्स (व्हॉल्व्ह किती उघडलाय त्याचा आकडा) चढलेल्या असतील तर ईसीएमलाच जास्त आयडल हवंय, आणि मग त्याला तसं कोण सांगतंय ते शोधायचं. बहुतेक वेळा तो कूलंट टेम्परेचर सेन्सर निघतो. बऱ्याच गाड्यांत त्याचा रेझिस्टन्स २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना सुमारे तीनशे ओहम असतो. इंजिन पूर्ण तापलं तरी स्कॅनर ४० अंश दाखवत असेल, तर ईसीएम थंड इंजिनाचंच आयडल देत राहणार. पण सेन्सर बदलण्याआधी कूलंट पुरेसं आहे का ते बघा, हे तुमचं सांगणं आम्ही पक्कं धरलंय. सेन्सरचं टोक हवेच्या बुडबुड्यात असलं की चांगला सेन्सरही चुकीचं सांगतो.

या गाडीत मात्र स्टेप्स ० होत्या. ईसीएमनं आपली वाट पूर्ण मिटली होती, तरी हवा येतच होती. व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल का? त्याचा निकाल तुम्ही व्हॉल्व्ह न खोलता लावलात. एअर फिल्टरचा पाईप काढून थ्रॉटल बॉडीतल्या बायपासच्या, म्हणजे आयएसीकडे हवा नेणाऱ्या, भोकावर बोट दाबलंत. रेस हलली नाही. मग थ्रॉटलचं तोंड रबराच्या तुकड्यानं पूर्ण झाकलंत. अशा वेळी इंजिन लगेच बंद पडायला हवं. पीसीव्हीतून, म्हणजे क्रँककेसमधली वाफ मॅनिफोल्डमध्ये ओढणाऱ्या वाटेनं, थोडी हवा येते, पण तेवढ्यावर इंजिन टिकत नाही. ते चालूच राहिलं, म्हणजे गळती थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डच्या बाजूला. या दोन चाचण्यांनी एवढं ठरलं, की मुख्य गळती आयएसीतून किंवा थ्रॉटलच्या पाकळीतून नाही.

पुढे एकेक नळी पक्कडीनं हलकेच दाबत गेलात: ब्रेक बूस्टरची, कॅनिस्टर पर्जची (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात नेणारी), मग पीसीव्हीची. पीसीव्हीची दाबताच रेस खाली आली. तिच्या कोपऱ्याला खालच्या अंगानं चीर होती. वरून नळी धडधाकट दिसायची, वाकवल्यावर फट उघडायची. इनटेक पॅकिंगवर गळती शोधायला तुम्ही क्लीनरऐवजी पाणी फवारलंत, तेही आवडलं. तापलेल्या एक्झॉस्टशेजारी क्लीनरचा फवारा म्हणजे आगीला आमंत्रण.

हवा चोरून येते तर मिश्रण पातळ होऊन इंजिन अडखळायला हवं, रेस का चढते, ही शंका अनेकांना असते. मॅप सेन्सर मॅनिफोल्डमधला दाब मोजतो. गळतीची हवाही त्या दाबात धरली जाते, ईसीएम तेवढं पेट्रोल वाढवतो आणि रेस चढते. हवेचं वजन मोजणाऱ्या एमएएफच्या गाड्यांत मात्र ही हवा मोजलीच जात नाही, म्हणून तिथे फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम पेट्रोलात करत असलेली दुरुस्ती, अधिककडे सरकलेला दिसतो. आणि रेस वर-खाली झुलत असेल, तर पाय पेडलवर नसताना रेस जास्त दिसल्यामुळे ईसीएम पेट्रोल तोडतो, रेस पडली की परत देतो. तो झोका तिथून येतो.

नळी बदलल्यावर काटा ११५० वर थांबला. इथे बरेच जण समाधान मानून बॉनेट लावतात. तुम्ही पुन्हा स्टेप्स पाहिल्यात, अजून ०. थ्रॉटलच्या स्टॉप स्क्रूवरचा कंपनीचा रंग तुटलेला होता. कार्बन साचून आयडल पडलं तेव्हा कोणीतरी स्क्रू आवळून पाकळी उघडून ठेवली असणार. पुढे थ्रॉटल बॉडी साफ झाली आणि तीच उघडीप जादा ठरली. इंजिन गरम, एसी, दिवे आणि पंखा बंद, अशा स्थितीत तुम्ही स्क्रू थोडाथोडा मागे घेतलात, आरपीएमकडे न बघता स्टेप्सकडे बघत. त्या २० च्या आसपास आल्यावर थांबलात, कारण ईसीएमला आयडल कमी करायला आणि एसी लागल्यावर वाढवायला, दोन्हीकडे जागा हवी. मग थ्रॉटल सेन्सरचं बंद स्थितीतलं व्होल्टेज, साधारण अर्धा व्होल्ट, तेही तपासलंत.

पीसीव्हीला पाण्याची साधी रबरी नळी लावू नका, ही तुमची ताकीदही इथे लिहून ठेवतो. तेलाच्या वाफेनं ती फुगते, मऊ पडते आणि व्हॅक्यूमनं चपटी होते. तेल सोसणारी, मूळ वळणाचीच नळी घ्यायची. आणि सेटिंग झालं की स्क्रूवर रंगाचा ठिपका द्यायचा, म्हणजे पुढच्या मिस्त्रीला स्क्रू हललाय की नाही ते दिसेल. या गाडीला तुम्ही दिलेला ठिपका पिवळा आहे.

आपले कृतज्ञ,
गॅरेजातली मंडळी