आप्पा, तुम्ही नुसतं 'बरं' म्हणालात

पुणे, ११ जानेवारी

ती. आई आणि ती. आप्पा यांना,
शि. सा. न.

परवा फोनवर मी परदेशी नोकरीला जाते आहे असं सांगितलं आणि आप्पा, तुम्ही नुसतं 'बरं' म्हणालात आणि फोन आईच्या हातात दिलात. तुमचं ते 'बरं' मला ओळखता येतं. दादानं कॉलेज सोडलं तेव्हा तेच होतं, काकांनी बांधावरची निंबं तोडली तेव्हाही तेच. आई तर काहीच बोलली नाही, थंडी किती पडली आणि केळीवर चरका कसा आला तेवढं सांगत राहिली. फोन ठेवल्यावर मी खूप वेळ बसून होते. पुन्हा लावला असता तर रडले असते, आणि मग तुम्ही दोघं 'जा बाई, जा' म्हणाला असतात. तसं 'जा' मला नको आहे. म्हणून लिहिते आहे.

आधी जे आहे ते सांगून टाकते. नोकरीच्या कागदावर सही झाली आहे. तिकीट १५ मार्चचं आहे. दोन वर्षांसाठी हनोईला, व्हिएतनाममध्ये. तुम्हाला विचारून मग सही करायला हवी होती. पण विचारलं असतं तर आप्पा, तुम्ही नाही म्हणाला नसतात, आणि आईनं आठवडाभर धड जेवण केलं नसतं. ते बघून माझा पाय निघाला नसता. हे कारण पुरेसं नाही हे मला कळतं. चुकलं माझं.

काम काय ते नीट सांगते, कारण गावात कोणी विचारलं तर 'कुत्र्यांसाठी गेली' एवढंच तुमच्या तोंडी येऊ नये. तिकडं कुत्र्या-मांजरांच्या मांसाचा मोठा धंदा आहे. तो बंद व्हावा म्हणून बऱ्याच देशांतली माणसं मिळून काम करतात. तिथल्या संस्थांचा अंदाज आहे की एकट्या व्हिएतनाममध्ये वर्षाला पन्नास लाख कुत्री आणि दहा लाख मांजरं या धंद्यात जातात. माझ्याकडं रेबीजच्या लसीकरणाचं काम असेल. म्हणजे आई, जनावरांची डॉक्टर म्हणून शिकले तेच करणार आहे.

आप्पा, दिवाळीत ओट्यावर बसून तुम्ही एक प्रश्न विचारला होता. लोकांनी काय खावं हे सांगणारे आपण कोण? आपल्याकडं यात्रेत बोकड पडतोच की, मग त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार? तेव्हा मी चिडले आणि आत निघून गेले. पण तो प्रश्न मी पुण्याला घेऊन आले आणि रोज त्याच्याशी बोलते आहे. तुमचं म्हणणं अर्धं मला मान्य आहे. बाहेरच्यांनी येऊन दटावलं की काय होतं ते कोरियात दिसलं. १९८८ मध्ये सोलला ऑलिंपिक होतं, परदेशातून आरडाओरडा झाला, तेव्हा सरकारनं कुत्र्याच्या मांसाची हॉटेलं मोठ्या रस्त्यांवरून हलवली. ती गल्लीबोळांत गेली आणि धंदा चालूच राहिला. आपल्या नागालँडमध्येही २०२० साली सरकारनं बंदीचा आदेश काढला, आणि २०२३ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयानं तो रद्द केला. विधानसभेनं कायदा केलेला नसताना नुसत्या सरकारी आदेशानं अशी बंदी घालता येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

पण पुढचंही ऐका. त्याच कोरियात मधल्या तीस-पस्तीस वर्षांत घरोघरी कुत्री आली, तरुण मुलांनी ते मांस खाणं सोडलं, तिथल्याच लोकांनी मोर्चे काढले. जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या संसदेनं बंदीचा कायदा केला. बाजूनं २०८ मतं पडली, विरोधात एकही नाही. फेब्रुवारी २०२७ पासून तो पुरता लागू होतो. मधली तीन वर्षं धंदेवाल्यांना दुसरं काही उभं करायला दिली आहेत, कारण त्यांनाही पोरंबाळं आहेत. कायदा यायच्या आधीच काही जणांनी संस्थांच्या मदतीनं पिंजरे मोडले आणि पालेभाजी लावली. आप्पा, तुम्ही कापूस सोडून केळीकडं वळलात तेव्हा दोन वर्षं घरात काय दिवस होते ते मला आठवतं. त्या माणसांना कसाई म्हणून झिडकारणारी मी नाही, तुमची मुलगी आहे.

बोकडाच्या बाबतीत माझ्याकडं सगळं उत्तर नाही. जे आहे ते एवढंच. यात्रेतला बोकड कोणाच्या तरी गोठ्यात वाढलेला, पैसे मोजून आणलेला असतो. व्हिएतनाममधली कितीतरी कुत्री लोकांच्या दारातून चोरलेली असतात. रात्री मोटरसायकलवर दोघं येतात आणि गळ्यात फास टाकून कुत्रं ओढून नेतात.

गेल्या ऑगस्टमध्ये मी पंधरा दिवस तिकडं गेले होते ना, तेव्हाची एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती. हनोईच्या बाहेर एका गावात मांजरांना लस देत होतो. एका आजींच्या घरी मांजर टेबलाच्या पायाला निळ्या नायलॉनच्या दोरीनं बांधलेली. दोरीनं तिच्या गळ्याचे केस गेलेले, खालची कातडी गुलाबी झालेली. मी डॉक्टरपणा करत म्हटलं, आजी, दोरी सोडा, जखम होईल. सोबतच्या मुलीनं ते त्यांच्या भाषेत सांगितलं. आजींनी माझ्याकडं पाहिलं आणि तीन बोटं वर केली. ही तिसरी. आधीच्या दोन चोरीला गेल्या. मग त्यांनी तिला मांडीवर घेतलं आणि मी सुई टोचेपर्यंत तिचे कान चोळत राहिल्या. आई, अगदी तू मनीचे चोळतेस तसे.

मला तिथं आपला हरवलेला कुत्रा, भुऱ्या आठवला. आप्पा, तुम्ही तीन दिवस राजदूतवर सावदा, फैजपूर, पार रावेरपर्यंत फिरलात आणि घरी आल्यावर सांगायचात की केळीच्या गाडीचं बघायला गेलो होतो. मी तिसरीत होते, पण मला कळत होतं. आई रात्री झाकापाक झाली की उंबऱ्याबाहेर भाकरीचा तुकडा ठेवायची, आणि सकाळी तो तसाच दिसला की कोणी उठायच्या आत उचलायची. महिनाभर. भुऱ्याचं काय झालं ते आपल्याला कधीच कळलं नाही. त्या आजींकडं बघताना मला वाटलं, यांना काय खावं ते शिकवायला मी आलेली नाही, यांच्या बाजूनं उभं राहायला आले आहे. तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हेच, आप्पा. हा धंदा नको म्हणणारी माणसं तिथलीच आहेत. हनोईच्या प्रशासनानं २०१८ मध्येच लोकांना कुत्र्याचं मांस सोडायला सांगितलं. होई आन नावाच्या जुन्या शहरानं २०२१ च्या डिसेंबरात हा धंदा संपवायचा करार केला. आम्ही नुसते हाताखाली.

आणि लसीचं म्हणाल तर गावातल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस टोचली तर रेबीज पसरायचा थांबतो. पण टोचलेलीच कुत्री रात्रीतून उचलून नेली तर तो आकडा टिकणार कसा? शिवाय चोरलेल्या कुत्र्यांत एखादं पिसाळलेलं असलं तर कापणारा माणूसच मरतो. कुत्रं कापताना रेबीज झालेले रुग्ण हनोईच्या डॉक्टरांनी पाहिले आहेत. आपल्या वाडीतल्या त्या मुलाचं काय झालं ते तुम्ही दोघांनी पाहिलं आहे. त्यावर मी जास्त लिहीत नाही.

आता आई, तुझ्यासाठी. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे, खाली किराणा दुकान आहे, शेजारच्या खोलीत केरळची एक डॉक्टर मुलगी राहते. भात, टोफू, हिरव्या भाज्या मिळतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तिथली पुष्कळ माणसं शाकाहारी जेवतात, त्यामुळं तशा खानावळी आहेत. केळफुलाची कोशिंबीर करतात, शेंगदाण्याचा कूट घालून. तू केलेल्या भाजीसारखी नाही, पण केळफूल तेच. कुकर नेणार आहे. कळण्याच्या भाकरीचं पीठ दोन किलो दळून ठेव, जास्त नको, पोरकिडे होतात. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढं आहे, तेव्हा तुमचं जेवण झालं की आठला मी फोन करीन, रोज. मुंबईहून विमान पाच-साडेपाच तासांत पोचतं. भुसावळहून पुण्याला यायला याहून जास्त वेळ लागतो. काही झालं तर मी दुसऱ्या दिवशी घरी असेन. हे मी नुसतं धीर द्यायला लिहीत नाही, नोकरीच्या कागदात लिहून घेतलं आहे.

लहानपणी ताप आला की तू माझ्या उशाशी बसून पाय चेपायचीस आणि मी मुद्दाम बरं झाल्याचं सांगायचे नाही. हे कधी सांगितलं नव्हतं. आता सांगते.

बरं, आता दोघांनी ऐकायचं, वाद घालायचा नाही. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मी जायच्या आधी करायचं. ६ फेब्रुवारीची तारीख जळगावला घेऊन ठेवली आहे, मी आठ दिवस रजा काढली आहे. 'संक्रांत होऊ दे, मग पाहू' हे आता नको, संक्रांत तोवर होऊन जाते. आप्पा, रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. मागच्या डबीत चार गोळ्या शिल्लक होत्या, मी मोजल्या आहेत. रात्रीची लाइट असली तरी मोटर सुरू करायला तुम्ही वावरात जायचं नाही. मोबाइलवरून चालणारा स्टार्टर दादा बसवून देणार आहे, त्याला मी पैसे पाठवले. आणि मागच्या वर्षी पिलू चावलं तेव्हा तुम्ही जखमेत मिरची भरलीत, त्याचा मला अजून राग आहे. परत असं काही झालं तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि तडक सरकारी दवाखाना गाठायचा. झाडपाला, हळद, मिरची काही लावायचं नाही. सगळे डोस पुरे करायचे. एक घेतला आणि बरं वाटलं म्हणून सोडला, असं चालत नाही.

माझ्या लग्नाचं मावशीनं आणलेलं स्थळ तुम्ही परत पाठवलं हे ताईनं सांगितलं. तुम्ही मला बोलला नाहीत. आप्पा, मला माहीत आहे की त्या घरी तुम्हाला काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल. माझ्यामुळं तुमची मान खाली जाऊ नये एवढंच वाटतं. गेली असेल तर मला सांगा, मनात ठेवू नका.

येत्या शनिवारी रात्रीच्या गाडीनं येते आहे, रविवारी सकाळी भुसावळला उतरेन. घ्यायला येऊ नका, पहाटेचा गारठा आहे आणि तुमची कानटोपी कुठं आहे ते तुम्हालाही माहीत नाही. मी रिक्षानं स्टँडवर येऊन एसटी धरते. आई, भरिताची वांगी काढून ठेव, तुराट्यांवर आपण दोघी भाजू. भरीत कुटायची बडगी माळ्यावर आहे ना? आप्पांना शिडीवर चढवू नकोस. मी आल्यावर काढते.

तुमची,
छोटी