विश्वस्त बदलले, परिशिष्टावर जुनेच

संपादक महोदय,
स. न.

टाटा ट्रस्टमधील घडामोडींमुळे विश्वस्तपदाची मुदत हा विषय 2025 मध्ये पहिल्या पानावर आला. त्याच वर्षी राज्य सरकारने महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 मध्ये दुरुस्ती करून आजीव विश्वस्तांचे प्रमाण एकूण विश्वस्तांच्या एक चतुर्थांशावर आणले. या दुरुस्तीचे मी मनापासून स्वागत करतो. लहान गावांतल्या संस्थांचे दुखणे मात्र एवढ्याने बरे होणार नाही.

आमच्या तालुक्याच्या गावातील वाचनालयाचा मी अकरा वर्षे कार्यवाह होतो. सात विश्वस्त, सगळे आजीव. त्यांतले तीन वारले, एक मुलाकडे पुण्याला राहायला गेले. वार्षिक सभेत रिकाम्या जागांचा विषय निघायचा आणि 'पुढच्या सभेत पाहू' असे इतिवृत्तात लिहून आम्ही उठायचो. अखेर तरुण सभासद हटून बसले, तेव्हा मयतांच्या जागी तीन नवे विश्वस्त निवडले. त्यांत दोन महिला. वाचनालयाला महिला विश्वस्त पहिल्यांदाच लाभल्या.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. विश्वस्तांमध्ये बदल झाला की या अधिनियमाच्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयाला चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, द्यावा लागतो. आधीच्या तीन मृत्यूंच्या वेळी आम्ही तो दिलाच नव्हता. ही चूक सर्वस्वी आमची, आणि कार्यवाह म्हणून पहिली माझी. आता मृत्यूचे दाखले, विलंबमाफीचे अर्ज, जुने ठराव शोधणे आणि तारखेमागून तारीख. दरम्यान बँकेने परिशिष्ट 1 ची, म्हणजे विश्वस्तांची नावे असलेल्या धर्मादाय कार्यालयातील नोंदीची, प्रमाणित प्रत मागितली. तिच्यावर मयतांची नावे तशीच, नव्यांचे एकही नाही. खात्यावरचे व्यवहार अडले. ग्रंथपालांचा चार महिन्यांचा पगार सभासदांनी वर्गणी काढून दिला.

बदलाला तात्पुरती मंजुरी देण्याची सोय 2017 च्या दुरुस्तीने झालेली आहे. वाद नसलेल्या प्रकरणांत ती तत्परतेने मिळाली, तर कितीतरी संस्थांचा श्वास मोकळा होईल. धर्मादाय कार्यालयांनी तालुक्याच्या ठिकाणी शिबिरे घेऊन थकलेले चेंज रिपोर्ट निकाली काढावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. वकिलाची फी आणि जिल्ह्याच्या ठिकाणचे हेलपाटे वाचनालयासारख्या संस्थांना परवडत नाहीत.

संस्थाचालकांनाही एक सांगावेसे वाटते. नव्या माणसांना सभासदच करून घेतले नाही, तर उद्या विश्वस्त कुठून आणणार? आमच्याकडे सभासद नोंदवही कित्येक वर्षे जवळजवळ बंदच होती. ती उघडली म्हणून त्या दोघी आत आल्या. त्यांनी दुपारच्या वेळेत मुलींसाठी अभ्यासिका सुरू केली आहे आणि किल्ली त्यांच्याकडेच असते. परिशिष्टावर त्यांची नावे अजून लागायची आहेत.

– एक माजी कार्यवाह, जि. सातारा