शाळेला रंगीत प्रिंटर दिला, शाई कोण भरणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘एका प्रिंटचे दहा रुपये ही सरळ लूट आहे’ अशा आशयाचं एका वाचकाचं पत्र आपल्या अंकात वाचलं. माझं घाटंजीत झेरॉक्सचं आणि टोनर (लेझर प्रिंटरची शाईची पावडर) रिफिलिंगचं दुकान आहे. काळ्या पानाचे दहा घेणाऱ्याची बाजू मी घेणार नाही, पाच रुपयांत धंदा नीट परवडतो. पण खरा पैसा जातो तो प्रिंटर विकत घेताना, आणि त्यात सगळ्यात जास्त भरडल्या जातात आमच्या तालुक्यातल्या शाळा.

आधी माझा हिशेब. काळ्या पानांसाठी माझ्याकडे कॅननचा एलबीपी २९०० हा लेझर प्रिंटर आहे. मशीन जुनं, पण पार्ट यवतमाळात कधीही मिळतो. त्याची कार्ट्रिज (पावडरीची डबी) आणि एचपी १०२० प्रिंटरची १२ए कार्ट्रिज यांची घडण एकच. कंपनी म्हणते २००० पानं निघतात. ती निघतात पानाच्या फक्त पाच टक्के भागावर शाई पडली तर, म्हणजे चार ओळींच्या अर्जाला. सातबाऱ्याचा तक्ता आणि आधारवरचा काळपट फोटो असल्यावर कसली पाच टक्के! माझ्या रिफिलला बाराशे-तेराशे पानं मिळतात. रिफिलचे मी अडीचशे घेतो, म्हणजे पानामागे वीस पैसे. दोन-तीन रिफिलनंतर आतला ड्रम, म्हणजे अक्षर उमटवणारा रूळ, आणि तो पुसणारं ब्लेड बदलावं लागतं, ते धरून पंचवीस पैसे. कंपनीची नवी कार्ट्रिज चार हजारांच्या घरात जाते, तिच्यावर तेच पान तीन रुपयांवर पडतं. गंमत अशी की रिफिल वापरली की पावडरीपेक्षा कागद महाग ठरतो. पाचशे पानांची रीम अडीचशेच्या खाली मिळत नाही.

आता इंक टँक, म्हणजे बाटलीनं पातळ शाई भरायचा प्रिंटर. तिथे शाई आणखी स्वस्त. एप्सनच्या ००३ नंबरच्या ६५ मिलीच्या काळ्या बाटलीवर कंपनी ४५०० पानं सांगते. आमच्या कामात त्याची निम्मी धरली तरी पान वीस पैशांच्या आतच. शिवाय मशीन दहा-पंधरा वॅटवर चालतं, लाइन गेली तरी इन्व्हर्टरवर काम सुरू. लेझरला हे जमत नाही. पावडर कागदावर वितळवायला आतला हीटर लागतो, तो तापताना काहीशे वॅट ओढतो आणि घरगुती इन्व्हर्टर टू टू करत बंद पडतो. वैशाखातल्या वावधानात दुपारी लाइन गेली की माझं लेझर झाकून ठेवलेलं असतं आणि टँकवाला राबतो.

मग सगळ्यांनी टँकच का घेऊ नये? कारण आपलं ऊन आणि आपला पाऊस. पंचेचाळीस डिग्रीत पत्र्याखाली आठ दिवस मशीन बंद राहिलं की शाई फवारणाऱ्या हेडची भोकं सुकतात. हेड क्लीनिंग मारलं की शाई आतल्या शोषून घेणाऱ्या पॅडमध्ये वाया जाते, आणि पॅड भरलं की मशीन अडून बसतं. पावसाळ्याची तऱ्हा वेगळी. या बाटलीतली शाई पाण्यात विरघळणारी. पीकविम्याच्या गर्दीत शेतकरी सातबारा घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवतो, बँकेत पोचेपर्यंत घामानं गट नंबरचं निळं-काळं पाणी झालेलं असतं. लेझरची पावडर म्हणजे प्लास्टिकच, एकदा कागदाला चिकटली की भिजली तरी अक्षर जात नाही. म्हणून कागदपत्रं मी लेझरवरच काढतो. टँकवर फोटो, लग्नपत्रिकेचे नमुने आणि पोट्ट्यांचे प्रोजेक्ट.

तिसरा प्रकार म्हणजे बारक्या कार्ट्रिजचा रंगीत प्रिंटर. तीन-चार हजारांत मिळतो, दिसायला गोंडस. कुणी देणगीत देतं, कुणी मार्चअखेर निधी संपवायला घेतं. त्याची काळी कार्ट्रिज आठ-नऊशेची, पानं शे-दीडशे. एक पान सहा रुपयांना! मागे एका तांड्यावरच्या शाळेचे गुरुजी आले. म्हणाले, “भाऊ, कालच तं आनली होती, आज शाई संपली म्हन्ते हा.” खोकं पाहिलं, तर कार्ट्रिज नवी होती आणि गुरुजींनी वर्गभर रंगीत चित्रं छापली होती. अशी कार्ट्रिज मी सिरिंजनं भरून देतो. स्टिकर काढायचं, सुई स्पंजात हळू उतरवायची, चार मिलीच्या वर गेलं की खालून गळते. पण छापणारं हेड त्या कार्ट्रिजलाच असतं, काही वेळा भरली की ते जळतं. मग पुन्हा नऊशे. शाळेचं सादिल, म्हणजे किरकोळ खर्चाचं अनुदान, वीजबिल आणि खडू-रजिस्टरात संपतं, हे नऊशे गुरुजींच्या खिशातून जातात. माझ्या माहितीतल्या कितीतरी शाळांत असे प्रिंटर कपाटावर पडून आहेत आणि गुरुजी प्रश्नपत्रिका घेऊन माझ्याकडे येतात. माझा धंदा होतो, तरी हे बरं वाटत नाही.

पंचायत समितीनं आणि देणगी देणाऱ्यांनी खरेदीआधी दोन गोष्टी विचाराव्यात. एका पानाला किती पैसे पडतील? आणि कार्ट्रिज तालुक्यात भरून मिळेल का? नव्या लेझर मॉडेलांत कार्ट्रिजला चिप असते, पावडर भरली तरी चिप बदलल्याशिवाय काही मशीन ‘रिकामी’ म्हणूनच हटून बसतात. शाळेला काळा छापणारा, बिनचिपचा लेझर पुरे. जुना मिळाला तरी चालेल.

रिफिल करणाऱ्यांबद्दलही लिहितो, माझ्याच धंद्यातले लोक रागावले तरी. कार्ट्रिजच्या एका कप्प्यात वापरून झालेली पावडर साठते. काही जण तीच चाळून पुन्हा भरतात. पान करडं येतं, ड्रम लवकर घासतो. १२ए वर भरून आणल्यावर दर साडेसात सेंटिमीटरला तोच डाग दिसला तर ड्रमवर ओरखडा आहे, भरून देणाऱ्याला परत करा. पावडर हातावर सांडली तर थंड पाण्यानं धुवा, गरम पाण्यानं ती चिकटते.

आणि गुरुजींना एक विनंती. अख्खा प्रिंटर मोटारसायकलवर बांधून आणू नका, नुसती कार्ट्रिज काढून आणा. उजेडानं ड्रम खराब होतो, म्हणून ती कागदात गुंडाळा. आपल्या पेपराची चार पानं त्याला पुरतात.

आपला,
एक झेरॉक्सवाला, घाटंजी (जि. यवतमाळ)