चमकी चिकटवली म्हणजे कार्ड झालं का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळकरी मुलांच्या शुभेच्छापत्र स्पर्धेची बातमी आपल्या जिल्ह्याच्या पानावर फोटोसकट वाचली. फोटोत पहिल्या नंबरचं कार्ड आहे. प्रदर्शनात भिंतीवरून उतरवल्यावर मी ते हातात घेऊन पाहिलं होतं, म्हणून हे पत्र. वर चमकीचा थर, चारही कडांना चिकट मोती, मधोमध विकतचं प्लास्टिकचं फुलपाखरू. उघडलं तर आत "हार्दिक शुभेच्छा" एवढीच तयार छापील चिठ्ठी. हे सगळं साहित्य एका पाकिटात घरपोच मिळतं, कुठं काय चिकटवायचं त्याचं चित्रसुद्धा पाकिटावर असतं. त्या लेकरावर माझा राग नाही. परीक्षकांना काय आवडतं हे त्यानं बरोबर ओळखलं. माझी तक्रार परीक्षकांशी आहे.

मी आरमोरी तालुक्यातल्या एका गावात छापखाना चालवतो. एक जुनी ट्रेडल (ठशांवर दाबून छापायचं यंत्र), स्क्रीन प्रिंटिंगच्या चौकटी आणि कटिंग मशीन, एवढाच पसारा. लग्नपत्रिका, बारशाचं आमंत्रण, दिवाळीनंतर मंडईची, म्हणजे गावजत्रेची पत्रकं, वर्षभर पावतीपुस्तकं. मोबाइलवर पत्रिका पाठवायची पद्धत आली तसं काम घटलं, त्याचं रडगाणं गायला हे पत्र लिहीत नाही. पण कागद कसा वागतो हे मला कळतं, आणि कात्रणाचा ढीग माझ्याकडं कायम असतो. शाळा सुटली की दारात पोट्टे उभे राहतात, "काका, कात्रण देता का जी?" मी देतो. दरवर्षी लग्नपत्रिकांच्या नमुन्यांच्या फायली जुन्या होतात, त्याही देतो. दिल्लीच्या चावडी बाजारासारख्या ठिकाणाहून आलेल्या त्या नमुन्यांत दारासारखी उघडणारी, पट्टी ओढली की आतून सरकत येणारी, कापून जाळी केलेली पत्रिका असते. पोरं त्या आधी सोलतात. आतली पट्टी कुठं अडकवली, ती पूर्ण बाहेर का येत नाही, हे बघतात. माझ्या मते हातकामाचा खरा तास तिथं सुरू होतो.

स्पर्धेत एका सहावीतल्या मुलीचं कार्ड होतं. तिचा मामा झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकात काम करतो, त्याच्यासाठी तिनं ते केलं होतं. कार्ड काटकोनात उघडून टेबलावर ठेवायचं. घडीवर दोन समांतर चिरा देऊन मधला भाग आत ढकलला की पायरी तयार होते, ती तिची रंगभूमी. पायरीला चिकटवलेली कागदाची माणसं कार्ड उघडताच उभी राहायची. समोर जुन्या साडीच्या काठाचा पडदा, पडद्याच्या खालच्या कडेला बुरडाकडून आणलेली बांबूची बारीक कामटी. वर आडवी दुसरी कामटी, तिच्यावरून दोरा मागे गेलेला आणि मागच्या पट्टीला बांधलेला. पट्टी खाली ओढली की पडदा वर. सोडली की कामटीच्या वजनानं पडदा आपोआप खाली.

आधी तिनं मधोमध एकच दोरा लावला होता, तेव्हा पडदा तिरपा वर जायचा. मग दोन्ही टोकांना दोन दोरे लावून एकाच पट्टीला बांधले. तरी दोरा कामटीवर अडायचा, म्हणून त्याला मेणबत्ती घासली. माझ्या टेबलावर बसूनच ती हे करत होती. मी काहीही सांगितलं नाही, सांगायची गरजच पडली नाही.

या कार्डाला उत्तेजनार्थ बक्षीससुद्धा मिळालं नाही. शेरा होता, "सफाई कमी." डिंकाचे डाग होते, ते मी नाकारत नाही. पण परीक्षकांपैकी कोणी पट्टी ओढून बघितली का? मी तिथं उभा असेपर्यंत तरी नाही. कार्डं भिंतीवर टाचून ठेवली होती, मिटलेली. उघडणारी, फिरणारी, सरकणारी कार्डं टाचणीनं भिंतीला खिळवली, तर परीक्षकाला दिसणार काय? फक्त वरची चमकी.

कोणी म्हणेल, हा पोराटकीचा खेळ आहे. पण असं हलतं काम युरोपात मोठमोठ्या लोकांनी पोटापाण्यासाठी केलं. म्युनिकचा लोथार मेगेनडॉर्फर (1847–1925) हा चित्रकार मुलांच्या पुस्तकांत अशी चित्रं करायचा, की एक पट्टी ओढली की माणसाचा हात, डोळे आणि टोपी एकाच वेळी हलायची. त्याचं गुपित दोन पानांच्या मध्ये दडलेलं असे: कागदी तरफा, आणि त्यांना जोडणाऱ्या बारीक तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या. मोटार वाइंडिंगच्या दुकानात जळकी तांब्याची तार मागितली की मिळते. आमच्या पोरांनी ती वापरून पाहिली. फिरणाऱ्या चाकाचं कार्ड असेल तर मधोमध टिचबटणही चालतं.

गणित म्हणाल तर भरपूर आहे. पायरीची उंची आणि खोली यांची बेरीज कार्डाच्या एका पानाच्या रुंदीपेक्षा जास्त झाली, की कार्ड मिटल्यावर पायरीचं टोक बाहेर डोकावतं. दहा सेंटिमीटरच्या पानावर सहा उंच आणि पाच खोल पायरी काढली, तर एक सेंटिमीटर बाहेर येणारच. हे सूत्र मी पोरांना सांगत नाही. टोक बाहेर आलं की ती आपली आपण बेरीज करतात. फळ्यावर हेच शिकवलं असतं तर अर्धा वर्ग खिडकीबाहेर बघत बसला असता.

घडीचंही तसंच. पोरं नखानं दाबून घडी घालतात, जाड कागद चरचरतो, रंगाखालचं पांढरं उघडं पडतं. कारखान्यात कागद तयार होताना त्याचे तंतू बहुतेक एकाच दिशेनं बसतात, आम्ही त्याला ग्रेन म्हणतो. ग्रेनच्या बाजूनं घडी सरळ पडते, आडव्या बाजूनं फुटते. कळायचं कसं? कागद न मोडता दोन्ही बाजूंनी हलका वाकवून बघा, ज्या बाजूनं कमी जोर लागतो ती ग्रेनची घडी. मग पट्टी धरून रिकाम्या रिफिलच्या टोकानं रेघ दाबायची. आणि इथं सगळेच फसतात: रेघ दाबली त्या खोबणीच्या उलट बाजूला घडी घालायची, म्हणजे उठलेला उंचवटा घडीच्या आत राहतो. ट्रेडलवर क्रीजिंग करताना आम्ही हेच करतो. हे एवढं जमलं की कार्डाचा निम्मा बेढबपणा जातो, आणि परीक्षकांची ती "सफाई"ही आपोआप येते.

आता साहित्याबद्दल. चमकी आणि मोती आमच्याकडं शहरातून येतात, पण आमच्या आजूबाजूला जे पडलेलं आहे त्याकडं कोणी बघत नाही. धानाची तणस, म्हणजे वाळलेला पेंढा घ्या. भिजवायची, ब्लेडनं उभी चिरायची, उलगडून गरम इस्त्रीखाली दाबायची, की सोनेरी चपटी पट्टी मिळते. आतली बाजू चिकटवायची, बाहेरची तकाकी वर. शेजारच्या गावातल्या एका पोरानं तिचा सबंध बैल केला होता, पोळ्याच्या कार्डावर, वशिंड जरा उचललेलं. आमच्या भागात टसर रेशमाचे कोसे होतात. आतलं पाखरू बाहेर पडून भोक पडलेल्या कोशातून सलग धागा निघत नाही, म्हणून तो स्वस्तात मिळतो. कात्रीनं कापला की वाटीसारख्या टणक पाकळ्या होतात. फक्त एवढी जाड वस्तू कार्डात घालायची तर कार्ड मिटत नाही. त्यासाठी मधे एकाऐवजी दोन घड्या जवळजवळ घालायच्या, वहीच्या पाठीसारखी जागा सुटते.

हौशी पालक हल्ली कार्डात छोटा दिवा किंवा गाणं वाजणारी चकती बसवतात. त्याला माझा सरळ विरोध आहे. त्यात बटनसेल असतो. घरात लहान लेकरू असलं आणि त्यानं तो गिळला, तर अन्ननलिका काही तासांत आतून भाजते. दवाखाना कुठं, आमचं गाव कुठं! उजेडच दाखवायचा असेल तर कार्डाला खिडकी कापून मागे पतंगाचा पिवळा कागद लावा आणि कार्ड दारात धरा.

थर्माकोलचं तर बोलूच नका. राज्यात 2018 पासून त्याच्या सजावटीवर बंदी आहे, आणि प्रदर्शनाच्या दारावर थर्माकोलचीच अक्षरं होती.

पोस्टाची एक गोष्ट सांगतो, कारण मुलांना ती कोणीच सांगत नाही. राखीबरोबर कार्ड पाठवायचं तर बहुतेक जण 300 जीएसएमचा कागद घेतात, जाड म्हणून. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-4 कागद चौरस मीटरचा सोळावा भाग असतो, म्हणजे 300 जीएसएमचा एकच ए-4 भरतो 18.75 ग्रॅम. पाच रुपयांच्या पाकिटाची मर्यादा 20 ग्रॅमची. त्यात पाकिटाचं वजन, राखी, डिंक, बटण. तिकीट कमी पडतं, आणि घेणाऱ्याला दंड भरावा लागतो. 200 जीएसएमचा घेतला तर कागद साडेबारा ग्रॅमवर येतो आणि घडीही बरी पडते. आमच्या गावची एक मुलगी नागपूरच्या वसतिगृहातल्या भावाला चाकाचं कार्ड पाठवते. खिडकीतून चाक फिरवलं की घरात आज काय जेवण झालं ते दिसतं. भात-वरण, झुणका, आंबील, आणि चाकाच्या एका खान्यात नुसतं "भूक नव्हती." ते कार्ड तिनं किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून पाठवलं होतं.

तेव्हा स्पर्धा घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. कार्डं भिंतीला टाचू नका, टेबलावर मांडा. मुलाला समोर उभं करून उघडायला सांगा. मधेच एखादी पट्टी निसटली तर तिथल्या तिथं बसवून दाखव म्हणा. ज्यानं स्वतः केलंय त्याला दोन मिनिटं पुरतात, ज्याच्या काकूनं केलंय ते काकूकडं बघतं. रंगरंगोटी नसलेलं, नुसत्या पांढऱ्या कागदाचं पण नीट चालणारं कार्ड असेल तर त्यालाही गुण द्या. आणि तयार पाकिटातलं सामान चालणार नाही असं नियमावलीत स्पष्ट लिहा. आमच्या तालुक्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैलांच्या स्पर्धेतही पैसेवाल्यांचेच बैल पुढे असतात, पण तिथं निदान बैल सुताराकडून घेतलाय हे कोणी लपवत नाही.

छापखानेवाल्यांनाही सांगतो. कात्रण रद्दीत किलोवर घालण्याऐवजी शनिवारी शाळेत पाठवा. रद्दीचा भाव काय असतो, तुम्हाला माहीत आहे.

राहिला आपला पेपर. आपली मुलांची पुरवणी येते, त्यात शब्दकोडं आणि "फरक ओळखा" असतं. महिन्यातून एकदा त्या जागी कार्डाचा एक नकाशा छापता येईल का? एकदा पायरी, एकदा चाक, एकदा ओढपट्टी. वर्तमानपत्राचा कागद साधारण 45 जीएसएमचा, तो उभा राहणार नाही, म्हणून खाली एक ओळ टाका: जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर खळीनं चिकटवा, वहीखाली दाबून रात्रभर वाळू द्या, मग कापा. जुनी लग्नपत्रिका नाही असं घर आमच्याकडं सापडणार नाही. कापायची रेघ सलग आणि घडीची तुटक ठेवा, आणि दोन्हींत फरक दिसेल एवढी शाई सोडा. मागच्या वेळी आपल्या पुरवणीत मुखवटा आला होता, त्यात दोन्ही रेघा सारख्याच काळ्या छापल्या होत्या आणि गावातल्या अर्ध्या पोरांनी नाकच कापून टाकलं. रंगीत पान नको, काळंपांढरं चालेल. नकाशे काढून द्यायला कोणी नसेल तर मी काढून देतो, मोबदला नको, फक्त छपाईआधी एकदा पान बघायला पाठवा.

आपला,
एक पत्रिका छापणारा
ता. आरमोरी, जि. गडचिरोली
(नाव छापू नये, ही विनंती.)